भिंत, कवटी आणि पातें

गेल्या उन्हाळ्याच्या आरंभीं नववीच्या वर्गास घेऊन मी खडकवासल्यास गेलों होतों. पाणी बरेंच ओसरलें होतें. धरणाच्या भिंतीचा छेद मीं कांठावरील वाळूंत काठीनें काढून दाखविला, तेव्हां एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, पाणी वर आहे तसेंच खालीं आहे, मग भिंत पायाशीं एवढी रुंद आणि माथ्याशीं एवढी अरुंद कां?" मी उत्तर देणार, तोंच गाळांत कांहींतरी पांढरें दिसलें म्हणून मुलें तिकडे धांवलीं. ती म्हशीची कवटी होती, खालच्या जबड्यासकट. कित्येकांनीं नाकें मुरडलीं. मीं ती वर्तमानपत्रांत गुंडाळून शाळेंत आणविली. कारण त्याच आठवड्यांत गच्चीवरील आमच्या लहान पवनचक्कीचें एक पातें मोडलें होतें, आणि ह्या तिन्ही वस्तूंचा प्रश्न एकच आहे, हें मला मुलांस दाखवावयाचें होतें.

प्रथम पात्याची हकीकत सांगतों, कारण तींत चूक माझीही होती. मुलांनीं पी. व्ही. सी. च्या रुंद नळीचे उभे काप काढून तीन पातीं केलीं होतीं, प्रत्येक सुमारें दोन फूट लांब. पातें हलकें असलें म्हणजे चक्की वेगानें फिरेल, असें समजून त्यांनीं तें दोन्ही टोंकांस निमुळतें केलें, आणि बुडाशीं एका आडव्या ओळींत तीन भोंकें पाडून बोल्टांनीं तबकडीस आवळलें. काम सुबक दिसत होतें. मीही शाबासकी देऊन मोकळा झालों. चार दिवस दिवा लागला. पांचव्या दिवशीं दुपारीं वावटळ आली, आणि पातें बरोबर त्या भोंकांच्या ओळींत मोडून अंगणापार फेंकलें गेलें. अर्ध्या तासापूर्वीं तेथें पहिलीचीं मुलें खेळत होतीं.

पात्याच्या टोंकावर वारा जें बळ लावतो तें थोडें. पण तें बुडापासून दूर असतें. बळ आणि अंतर ह्यांच्या गुणाकारास आघूर्ण म्हणतात, आणि पातें मोडतें तें ह्या आघूर्णानें. टोंकाशीं तें शून्य, मधें थोडें व बुडाशीं सर्वांत अधिक. कारण पात्याच्या प्रत्येक भागावरील वाऱ्याचा हिशेब अखेर तेथेंच चुकता करावा लागतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला कीं त्याचा दाब चौपट होतो. म्हणजे जेथें द्रव्य अधिक हवें होतें तेथेंच आम्हीं तें कापून काढलें, आणि उरलें त्यास भोंकें पाडलीं! रुंद पट्टी ताणली असतां तींतील लहान वाटोळ्या भोंकाच्या कडेस सभोंवतालच्या तिप्पट ताण येतो. कडेस चीर असली तर त्याहूनही अधिक.

आतां कवटी घ्या. खालचा जबडा ही एक तरफ आहे: कानाजवळचा सांधा हा टेकू, स्नायूंची ओढ हें बळ, आणि दांतांतील घास हा भार. अख्खी सुपारी पुढच्या दांतांनीं कोणी फोडीत नाहीं; ती आपोआप दाढेखालीं जाते. घरांतील अडकित्ता पाहा. कठीण सुपारी आजी बिजागरीजवळच ढकलते. सांध्यापासून दाढेचें अंतर पुढच्या दांतांच्या निम्में असेल, तर त्याच स्नायूंकडून दाढेखालीं दुप्पट बळ मिळतें. म्हशीच्या वरच्या जबड्यास तर पुढचे दांतच नाहींत. तेथें केवळ गवत धरावयाचें असतें, म्हणून खालच्या जबड्याचें पुढील हाड बारीक आहे, आणि दाढांकडे येतां येतां तें उभ्या दिशेनें रुंदावत जातें. उभ्या दिशेनेंच कां? लांकडी फूटपट्टी आडवी धरून वांकवा, मग उभी धरून वांकवा. जाडी दुप्पट झाली तर वांकण सोसण्याची शक्ति चौपट होते. रुंदी दुप्पट झाली तर केवळ दुप्पट.

पण खरें नवल कपाळाचें. तें एके ठिकाणीं फुटलेलें असल्यामुळें आंत पाहतां आलें. रेड्यांची टक्कर ज्यांनीं पाहिली आहे त्यांस तें हाड भरीव असेल असें वाटेल. प्रत्यक्षांत तेथें हाडाचे दोन थर, मधें पोकळी, व पोकळींत हाडाचेच पडदे आहेत. ही पोकळी शिंगाच्या गाभ्यांतही शिरते. कोणतीही वस्तु वांकली कीं तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते, आणि मधलें द्रव्य जवळजवळ स्वस्थ बसून राहतें. तें काढून दोन्ही बाजूंस लावलें तर थोड्या वजनांत पुष्कळ ताठपणा येतो. सातारा जिल्ह्यांत चाळकेवाडीच्या पठारावर ज्या मोठ्या पवनचक्क्या दिसतात, तशा चक्क्यांचीं पातीं याच रीतीनें पोकळ करून आंत पडदे घालतात. कवटीसही नसा जाण्यासाठीं भोंकें आहेत. त्यांच्या कडा बोट फिरविलें तर गुळगुळीत लागतात.

आतां त्या मुलीचा प्रश्न. पाणी वर-खालीं तेंच असलें तरी त्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. म्हणून भिंतीवरील एकूण बळ उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत, आणि तिला उलथविणारें आघूर्ण उंचीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतें. दहा हात पाण्याचें अकरा हात झालें तर हें आघूर्ण सुमारें एक तृतीयांशानें वाढतें! भिंत म्हणजे नदीच्या तळांतून उभें राहिलेलें पातेंच होय. फरक इतकाच कीं, पातें ताण सोसतें आणि दगडचुन्याची भिंत तो सोसत नाहीं. ती उभी राहते आपल्या वजनावर. प्राध्यापक रँकिन ह्यांनीं १८७२ सालीं नियम सांगितला कीं, पाण्याचें बळ व भिंतीचें वजन ह्यांच्या संयोगाची रेषा पायाच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यांतच उतरली पाहिजे; ती पुढें सरकली तर पाण्याकडील बाजूस ताण येऊन सांधे उघडूं लागतात.

मुठेवरील ही दगडी भिंत १८७९ सालीं पुरी झाली. १९०३ सालीं विश्वेश्वरय्यांनीं येथें आपोआप उघडणारीं दारें बसविलीं. त्यांनीं सांठा वाढला, आणि पूर आला कीं जादा पाणी स्वतःच वाट काढूं लागलें. परंतु १२ जुलै १९६१ रोजीं वरच्या अंगास असलेलें पानशेतचें मातीचें धरण फुटलें, त्याचा लोंढा ह्या भिंतीवर येऊन माथ्यावरून वाहूं लागला, आणि भिंत भंगली. पुण्यांतील नदीकांठच्या पेठा बुडाल्या. ज्यांच्या घरीं तो दिवस पाहिलेलें वडील माणूस असेल, त्यांनीं पाणी कोठपर्यंत चढलें होतें तें अवश्य विचारावें. भिंत पुढें पुन्हां बांधण्यांत आली. आज आपण पाहतों ती हीच.

आमचीं नवीं पातीं तयार झालीं आहेत. बुडाशीं रुंद, तेथें आंतून नळीचा दुसरा काप चिकटवून जाडी दुप्पट केलेली. भोंकें दोनच, तींही लांबीच्या दिशेनें एकामागें एक, आणि कानशीनें घासून गुळगुळीत. गच्चीवर चढविण्यापूर्वीं प्रत्येक पातें बुडाशीं बांकास आवळून टोंकास वाळूची पिशवी टांगली. चार किलोपर्यंत तें वांकलें, पण मोडलें नाहीं. चक्कीखालील अंगण दोरीनें बंद केलें आहे. आषाढांतला वारा अजून यावयाचा आहे.