अर्धावभेदक : हेतू कोणता आणि पूर्वरूप कोणते?

अर्धशिशीचा रुग्ण वैद्याकडे येतो तो बहुधा आपल्या अपथ्याची यादी सोबत घेऊनच. ‘गोड खाल्ले की दुसऱ्या दिवशी डोके धरते’, ‘मान आखडली की समजावे, आता सुरू होणार’, ‘ऊन मुळीच सोसत नाही’ अशी त्याची विधाने ठाम असतात. ही यादी जशीच्या तशी स्वीकारली, तर पथ्यपत्रक लांबत जाते, आहार आक्रसतो आणि वेग मात्र पूर्वीसारखेच येत राहतात. म्हणून या व्याधीत हेतूचा शोध कसा घ्यावा, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग सांगितले असून, अर्धावभेदकाचा वेग दहा दिवसांनी, पंधरवड्याने किंवा अकस्मात येतो असे नमूद केले आहे. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातील नवव्या अध्यायात रूक्ष अन्न, अध्यशन, पूर्वेचा वारा, दव, वेगधारण, अतिश्रम व अतिव्यायाम इत्यादी हेतू आले आहेत. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे सार होय, हेही आपण सारे जाणतो. परंतु ग्रंथोक्त हेतूंपैकी समोरच्या रुग्णात कोणता लागू आहे, हे ठरविल्यावाचून परिवर्जन कशाचे करावयाचे?

येथे निदानपंचकातील एक भेद फार उपयोगी पडतो. वेदना सुरू होण्यापूर्वी काही तास ते दोन दिवस अनेक रुग्णांत जांभया, मान आखडणे, चिडचिड, प्रकाश असह्य होणे, गोड खाण्याची अनावर इच्छा अशी लक्षणे दिसतात. आधुनिक वैद्यकही यांना मायग्रेनच्या वेगाचाच प्रारंभ मानते. म्हणजे त्या वेळी व्याधीचा वेग सुरू झालेलाच असतो. गोड खाण्याची इच्छा त्यातून उपजते आणि दोष मात्र मिठाईच्या माथी जातो. जे पूर्वरूप आहे त्यालाच हेतू समजण्याची ही चूक रुग्णाकडून सहज घडते.

एक उदाहरण पाहू. समजा, ३४ वर्षांच्या एका शिक्षिकेने श्रीखंड व चॉकलेट पूर्णपणे सोडले आहे, तरी वेग थांबलेले नाहीत. नेहमीचा आहार ठेवून तिने तीन महिने नोंदवही लिहिली. तीत सहा वेग नोंदले गेले. त्यांपैकी पाच वेगांच्या आदल्या दिवशी रात्रीची झोप अपुरी होती आणि दुपारचे जेवण उपवासामुळे वा कामामुळे टळले होते. केवळ जागरण झाले किंवा केवळ उपवास घडला, त्या दिवसांनंतर डोके दुखले नाही. सणावारी खाल्लेले श्रीखंडही बाधले नाही. तेव्हा परिवर्जन करावयाचे ते जागरण व अनशन यांच्या संयोगाचे, श्रीखंडाचे नव्हे. कित्येक रुग्णांत एक हेतू एकटा अपुरा पडतो, दोन-तीन एकत्र आले की वेग येतो.

नोंदवही लिहवून घेताना पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. वेदनेची वेळ, बाजू, तीव्रता व कालावधी यांसह आदल्या दोन दिवसांतील झोप, जेवणाच्या वेळा, चहा-कॉफी, ऊन, प्रवास, मलमूत्रवेग व मानसिक ताण यांची नोंद असावी. स्त्री-रुग्णांत रजःकालाची नोंद अवश्य असावी.

२. संशयित हेतू घडला पण डोके दुखले नाही, असे दिवसही लिहावेत. ही नोंद नसेल तर हेतू सिद्ध होत नाही.

३. जांभया, मान आखडणे, गोडाची इच्छा यांसाठी पूर्वरूपाचा निराळा रकाना ठेवावा.

४. एका वेळी एकच हेतू काही आठवडे वर्ज्य करावा व उपशय-अनुपशय पाहावा. उपशय न मिळाल्यास तो पदार्थ रुग्णास परत द्यावा.

५. वेदनाशामक गोळ्यांची संख्या लिहावी. साध्या गोळ्या महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि संयुक्त गोळ्या वा ट्रिप्टान वर्गातील औषधे १० किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतल्यास औषधच शिरःशूलाचे कारण होऊ शकते. मात्र ती बंद करणे संबंधित चिकित्सकाच्या सल्ल्यानेच व्हावे.

हेतुशोधाच्या भरात व्यवच्छेदक निदान विसरू नये. क्षणार्धात पराकोटीला पोचणारा शिरःशूल, ५० वर्षांनंतर प्रथमच सुरू झालेला शिरःशूल, ज्वरासह मान ताठरणे, हातापायांतील दुर्बलता, वाणी वा दृष्टी यांत नवा बिघाड, डोक्यास मार लागण्याचा इतिहास, तसेच गर्भिणी व सूतिका यांच्यात नव्याने उद्भवलेला शिरःशूल — यांपैकी काहीही आढळल्यास नोंदवहीची वाट न पाहता रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

नस्य, शिरोबस्ती आदी उपक्रमांची योजना दोषानुसार आपण करतोच. त्यांच्या जोडीला ही नोंदवही असावी. अनेक रुग्णांनी भीतीपोटी सणाचे जेवण, प्रवास, उन्हात फिरणे सारेच सोडलेले असते. खरा हेतू एकदा हाती लागला, की यांतील बरेचसे त्यांना निर्धास्तपणे परत देता येते, आणि चिकित्सेचे हेही एक फळच आहे.