मार्गदात्याचा शेवटचा आजार आणि आपल्या घरातले आजारी माणूस



वर्षावासात आपल्या विहारांत 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. सातव्या खंडात तथागतांची शेवटची यात्रा येते. ऐकताना डोळे भरून येतात, साधुकार होतो आणि आपण घरी जातो. पण हा प्रसंग आरोग्याचा धडा म्हणूनही वाचण्यासारखा आहे. पाली त्रिपिटकातल्या महापरिनिब्बान सुत्तात या दिवसांची हकिगत बारकाईने दिली आहे. वय ऐंशी, शेवटचा आजार, चालत केलेला प्रवास, आणि पंचवीस वर्षे सेवेत असलेला आनंद.

बाबासाहेबांनी आपल्याला बुद्ध मार्गदाता म्हणून दिला, मोक्षदाता म्हणून नव्हे. असा मार्गदाता मरताना कसा वागला, हे पाहिले की आपल्या घरातल्या खाटेवरच्या माणसाशी कसे वागायचे ते कळते. मी आधी वॉर्डात आणि नंतर वस्त्यांमध्ये काम करताना जे पाहिले, ते समोर ठेवून हे धडे लिहीत आहे.

१. आजार लपवू नये

वैशालीजवळच्या वेळुव गावी वर्षावासात तथागत खूप आजारी पडले. असह्य वेदना झाल्या. त्यातून उठल्यावर त्यांनी आनंदाला आपल्या शरीराची अवस्था सरळ सांगितली. जुनी गाडी दोऱ्या बांधून, आवळून कशीबशी चालवावी तसे हे शरीर चालले आहे, असा त्या सांगण्याचा अर्थ होता. पुढे आपले परिनिर्वाण तीन महिन्यांनी होईल हेही त्यांनी सांगून टाकले.

आपल्याकडे उलटे चालते. कॅन्सरचा रिपोर्ट आला की घरचे डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणतात, "आईला सांगू नका, ती खचेल." आईला मात्र सगळ्यांच्या चेहऱ्यावरून आधीच कळलेले असते. मग ती आपल्यासाठी नाटक करते आणि आपण तिच्यासाठी. दोघेही एकटे पडतात. म्हणून आधी तिलाच विचारा : "आई, आजाराबद्दल तुला किती जाणून घ्यायचंय?" ती विचारेल तेवढे खरे सांगा. एकदम सगळे सांगायची गरज नाही, पण खोटे सांगू नका.

२. सांगायचे ते वेळेवर सांगावे

त्याच वेळुव गावी आनंदाला वाटत होते की भगवान संघाबद्दल काही सांगितल्याशिवाय जाणार नाहीत. तथागत म्हणाले, मी काहीही मुठीत झाकून ठेवलेले नाही. आता स्वतःचा आणि धम्माचा आधार घ्या. त्यांनी गादीचा वारस नेमला नाही. शेवटच्या रात्रीही त्यांनी भिक्खूंना तीन वेळा विचारले की कोणाला काही शंका आहे का. संकोच वाटत असेल तर मित्रामार्फत विचारा, असेही म्हणाले.

आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी हीच रीत धरावी. जातीचा दाखला, घराचे कागद, बँकेचे पासबुक, विम्याची पावती कुठे आहे, कोणाचे देणे आहे, हे शुद्धीत असताना सांगावे. मुलगी असो वा सून, तिच्या हक्काचे स्पष्ट बोलावे. नाहीतर पुण्यानुमोदनाच्या दिवशीच भांडण उभे राहते.

उपचाराबद्दलची इच्छाही सांगून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हा हक्क मान्य केला. बरे होण्याची आशा नसेल तेव्हा व्हेंटिलेटरसारखे उपचार नकोत, असे माणूस आधीच लिहून ठेवू शकतो. २०२३ पासून त्याची पद्धत सोपी झाली आहे : दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर नोंद. कागद केला नाही तरी निदान घरात चर्चा झालेली असावी.

३. वेदना सोसणे हे पुण्य नव्हे

तथागतांनी वेदना स्मृती ठेवून सहन केल्या, हे खरे. पण त्यातून चुकीचा धडा घेऊ नका. विनयात औषध ही भिक्खूच्या चार मूलभूत गरजांपैकी एक मानली आहे, आणि खुद्द तथागतांवर जीवक वैद्याने उपचार केले होते. ज्या दुःखावर औषध आहे ते सोसत राहा, असे धम्म सांगत नाही.

वस्तीत मात्र, विशेषतः बायकांना, "जरा सहन कर" हेच ऐकवले जाते. कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातली बाई रात्रभर कण्हते आणि घरात पॅरासिटामॉलशिवाय काही नसते. तीव्र वेदनेवर मॉर्फिनच्या गोळ्या हे जगभर मान्य औषध आहे. प्रशिक्षित डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, वेळ पाळून घेतले तर व्यसनाची भीती बाळगण्याचे कारण नाही. बद्धकोष्ठ होते, म्हणून सोबत जुलाबाचे औषध द्यावे लागते. मात्रा स्वतःच्या मनाने वाढवू नये, आणि गोळ्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

बरे न होणाऱ्या रुग्णाचा त्रास कमी करणाऱ्या सेवेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. केंद्र सरकारचा त्यासाठी २०१२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम आहे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयात याचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात अशी सेवा आहे का, हे आशाताईंमार्फत किंवा स्वतः जाऊन विचारा. "आता काही करता येणार नाही, घरी न्या," असे कोणी म्हटले तर तिथून हलू नका. "दुखणं कमी करण्यासाठी काय करता येईल?" हा प्रश्न विचारा.

आणखी एक. शेवटच्या आठवड्यात आयसीयूसाठी व्याजाने पैसे काढण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. या उपचाराने माणूस बरा होणार आहे का? नाही केला तर काय होईल? घरी ठेवले तर त्रास कसा कमी ठेवायचा? उत्तर ऐकून निर्णय घ्या. लोक काय म्हणतील म्हणून घेतलेले कर्ज मुलांच्या शाळेतून फिटते.

४. तहान आणि भूक

पावा येथे चुंद लोहाराकडे भोजन झाल्यावर तथागतांना रक्ताची हगवण लागली. तशाच अवस्थेत ते कुसिनाराकडे निघाले. वाटेत झाडाखाली बसून त्यांनी आनंदाकडे पाणी मागितले. नुकत्याच पाचशे गाड्या ओढ्यातून गेल्या होत्या, पाणी गढूळ होते. आनंद म्हणाला, पुढे ककुत्था नदी आहे, तिथे स्वच्छ पाणी मिळेल. तथागतांनी पुन्हा मागितले. तिसऱ्यांदा मागितल्यावर आनंद गेला आणि पाणी निवळलेले दिसले.

जुलाबात शरीरातले पाणी भराभर जाते, त्यामुळे ती तहान खरी असते. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालून थोडे थोडे पाजावे. रक्त पडत असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

मरणाच्या जवळ आलेल्या माणसाची गोष्ट वेगळी असते. त्याची भूक आणि तहान आपोआप कमी होते. उपाशी मरतोय असे समजून तोंडात घास कोंबू नका. शुद्ध नसेल तर तोंडात चमच्याने पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. ओल्या स्वच्छ कापसाने ओठ आणि तोंड ओले ठेवा. घशात घरघर होत असेल तर कुशीवर वळवा. दर दोन तासांनी कूस बदला, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत.

५. सेवा कोणी आणि कशी करावी

विनयातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी असलेला एक भिक्खू आपल्याच मलमूत्रात पडला होता आणि कोणी पाहत नव्हते. तथागतांनी आनंदाकडून पाणी मागवले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून खाटेवर निजवले. मग संघाला समज दिली की आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा आहे.

तिथेच चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. औषध तयार करता यावे. पथ्य-अपथ्य कळावे. लोभाने नव्हे, मैत्रीने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, उलटी यांची किळस नसावी. आणि योग्य वेळी धीराचे बोलता यावे. नर्सिंगच्या डिप्लोमात आम्हाला जे शिकवले, त्याचे सार अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवले आहे.

या पाच गुणांत कुठेही 'बाई असावी' असे लिहिलेले नाही. धुणारे दोघेही पुरुष होते. तरी आपल्या घरांत हे काम एकट्या सुनेच्या किंवा मुलीच्या गळ्यात पडते. मुलाने वडिलांचे डायपर बदलावे, भावाने एक रात्र जागावी.

६. दोष देऊ नका, रडणाऱ्याला जवळ घ्या

लोक चुंदाला बोल लावतील हे तथागतांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी आनंदाला बजावले की चुंदाची समजूत घाला. संबोधीपूर्वीचे आणि परिनिर्वाणापूर्वीचे ही दोन्ही भोजनदाने सारखीच श्रेष्ठ आहेत, असे त्याला सांगा.

आपल्याकडे मयताच्या घरी काय ऐकू येते? "हिच्या हातचं खाल्लं आणि बिघडलं." "मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तर वाचले असते." हे बोल त्या माणसाच्या मनात वर्षानुवर्षे राहतात. ज्या घरातल्या आजाऱ्याने शुद्धीत असताना "तू माझं चांगलं केलंस" एवढे म्हटले, त्या घरातली सून पुढे ताठ मानेने जगते, हे मी पाहिले आहे.

कुसिनाराला शालवनात शेवटची वेळ जवळ आली तेव्हा आनंद आत जाऊन दाराला धरून रडत होता. तथागतांनी त्याला बोलावून घेतले, धीर दिला आणि त्याच्या दीर्घ सेवेची सर्वांसमोर प्रशंसा केली. सेवा करणाराही थकतो, त्यालाही रडू येते. त्याला झोप, जेवण आणि एखादी सुट्टी मिळालीच पाहिजे.

विहारात करता येईल

येत्या रविवारच्या वंदनेनंतर आपल्या गल्लीत कोण अंथरुणाला खिळले आहे, याची यादी करा. महिला मंडळ आणि तरुण मंडळाने पाळ्या वाटून घ्याव्यात : दोन तास बसणे, औषध आणणे, केसपेपर काढायला रांगेत उभे राहणे. आजारी माणूस बोलण्याच्या स्थितीत असेल तर लहान मुलांना त्याच्याजवळ बसवा आणि त्याच्या तोंडून वस्ती कशी उभी राहिली, शाळा कशी मिळाली, मोर्चे कसे निघाले ते ऐकू द्या. पण आधी त्याचे दुखणे थांबवा. कण्हणाऱ्या माणसाला शिकवता येत नाही.