जुन्या गाडीतील पूड, डाग आणि आपली प्रकृती

सेकंडहॅण्ड मोटारगाडी घेताना आपण ओळखीचा मेकॅनिक सोबत नेतो. तो इंजिनाचा आवाज ऐकतो, टायर पाहतो, आपण आर. सी. बुक तपासतो आणि व्यवहार होतो. चार दिवसांनी गाडी धुवायला काढली की सीटवर पांढुरकी पूड, काचेला आतून चिकट थर किंवा डिकीत कसले तरी दाणे सापडतात. ‘डॉक्टर, यापासून अपाय नाही ना?’ असे मग रुग्ण विचारतात. आज त्याविषयी.

रोग्याचे निदान करताना आम्ही आधी इतिहास विचारतो, मग पाहतो, मग तपासतो. गाडीलाही हाच क्रम लावावा. ती कोणत्या गावी होती, कशाची ने-आण करीत असे, पावसाळ्यात कुठे उभी राही, हे आधीच्या मालकाला विचारावे. दोन पथ्ये मात्र कटाक्षाने पाळा. पदार्थ नाकाशी नेऊन हुंगू नका आणि मीठ की सोडा हे पाहायला जिभेला तर मुळीच लावू नका. हातात रबरी मोजे, नाकातोंडावर मास्क, गाडीची सर्व दारे उघडी आणि मुले लांब, अशा तयारीनेच तपासणी करावी.

पांढरी पूड : तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर बहुधा घामाचा किंवा खाऱ्या पाण्याचा क्षार असतो. विरघळली नाही, कापसाच्या तंतूंसारखी दिसली आणि कुबट वास असला तर बुरशी समजावी. स्टिअरिंगच्या आणि डॅशबोर्डच्या फटींत टाल्कम पावडरीसारखी पूड असेल, तर पूर्वी अपघातात एअरबॅग फुटली असण्याची शंका घ्यावी. ही पूड डोळ्यांना झोंबते व दमेकऱ्यांना त्रास देते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे फुटलेल्या एअरबॅगच्या जागी नवी बसवली आहे की नाही, हे गॅरेजमध्ये तपासून घ्यावे.

गाळ आणि काळे ठिपके : माझ्याकडे नऊ वर्षांची एक मुलगी येत असे. दमा आटोक्यात होता, पण काही आठवडे दर सोमवारी सकाळी तिची छाती वाजू लागली. औषध तेच, घर तेच, शाळा तीच. वडिलांना खोदून विचारले तेव्हा कळले, की नुकतीच जुनी गाडी घेतली आहे आणि दर रविवारी सगळे तिने आजोळी जातात. जाऊन येऊन चार तास, काचा बंद, ए. सी. चालू. मी गाडीचा गालिचा उचलून पाहायला सांगितले. खाली वाळलेल्या गाळाचा थर, फोमवर काळी बुरशी आणि सीटच्या रुळांना गंज निघाला. गाडी पुराच्या पाण्यात राहिलेली होती. गालिचा, फोम आणि ए. सी. चा फिल्टर बदलला, गाडी उन्हात वाळवली. तोवर मुलगी एस. टी. ने गेली. पुढे सोमवारची घरघर थांबली. नुसता पंपाचा डोस वाढवला असता, तर कारण तसेच राहिले असते. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. म्हणून गालिच्याखाली पाहिल्याशिवाय गाडी घेऊ नये.

चिकट थर : पुढच्या सीटच्या पायाशी ओल असेल तर पांढऱ्या कागदाने टिपा. स्वच्छ, बिनवासाचे पाणी असेल तर ए. सी. ची नळी तुंबली असावी. हिरवट किंवा गुलाबी, बुळबुळीत व गोडसर वासाचे असेल आणि काचेवरही तेलकट वाफ धरत असेल, तर ते कूलंट होय. त्यातील एथिलीन ग्लायकॉल गोड लागते, पण पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी करू शकते. लहान मुले बोटे चाटतात, हे लक्षात ठेवा.

उंदराच्या लेंड्या : तांदळाच्या दाण्याएवढ्या, काळपट. त्या कोरड्या झाडू नयेत, धूळ श्वासात जाते. एक भाग ब्लीच व नऊ भाग पाणी शिंपडून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि ओल्या कागदाने उचलावे. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

डिकीतील दाणे व डाग : ही सर्वांत गंभीर बाब. आपल्याकडे शेतीची औषधे सर्रास गाडीतून नेली जातात. फोरेटवर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात बंदी आहे, तरी जुन्या गाडीच्या कोपऱ्यात त्याचे दाणे राहिलेले असू शकतात. ही विषे कातडीतूनही शरीरात जातात. उग्र वासाचे दाणे दिसले तर पाण्याने धुऊन पसरवू नका. मोजे घालून ओल्या कागदाने टिपा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधा आणि कृषी खात्याच्या कार्यालयात विचारून विल्हेवाट लावा. त्या डिकीत धान्य, भाजी ठेवू नका.

गाडीत बसल्यावर कोणाला मळमळ, दरदरून घाम, तोंडाला लाळ, छातीत घरघर सुरू झाली आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या, तर कपडे काढून अंग साबणाने धुवा व तात्काळ रुग्णालय गाठा. उलटी करवू नका, दूध-तूप पाजू नका. संशयित पदार्थ बंद बरणीत सोबत न्या. ॲट्रोपिनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले तर प्राण वाचतात, आणि विष कोणते हे कळले तर डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचतो.