चढाईपटू किती कामाचा? वहीत मोजा

डोंगरकडा गावच्या मैदानावर कबड्डी रंगली असो, नाहीतर स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे आंतरमहाविद्यालयीन सामने असोत, शिट्ट्या सगळ्यात जास्त गुण आणणाऱ्यालाच मिळतात. तो पकडला किती वेळा गेला, हे कुणी मोजत नाही. आपण मोजू. घ्या वही.

१. मध्यरेषेच्या टोकाशी बसा. मागच्या रेषेकडे बसलात तर हात लागला की नुसती हूल होती, कळणार नाही.

२. 'करो या मरो' आणि सुपर टॅकल लागू आहे का, ते पंचांना आधीच विचारा. गृहीत धरू नका.

३. एका सामन्यात एकच चढाईपटू निवडा. दोघांवर डोळा ठेवाल तर दोन्ही हिशेब चुकतील.

४. चढाई संपताच खूण करा: गुण आणले तर तेवढा आकडा, रिकामा आला तर शून्य, बाद झाला तर फुली. बोनस घेऊन पकडला गेला तर १ आणि फुली, दोन्ही. लोणाचे २ गुण मात्र संघाचे. ते त्याच्या नावावर चढवू नका.

५. 'करो या मरो'च्या, म्हणजे संघाच्या सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या चढाईच्या खुणेला गोल करा. इथे रिकामा परतला तरी तो बाद, म्हणून शून्य नव्हे, फुलीच.

६. समोर तीन किंवा कमी गडी असताना पकडला गेला, तर सुपर टॅकलच्या दोन फुल्या मारा.

७. सामना संपला की त्याचे गुण बेरजेला घ्या.

८. त्यातून फुल्या वजा करा. हीच पायरी लोक गाळतात.

९. उरलेल्याला एकूण चढायांनी भागा, शून्यवाल्याही धरा. समजा एकाच्या १६ चढाया, ९ गुण, ४ फुल्या: ५ भागिले १६, म्हणजे ०.३१. दुसऱ्याच्या ८ चढाया, ५ गुण, १ फुली: ४ भागिले ८, म्हणजे ०.५. शिट्ट्या पहिल्याला, पण भरवशाचा दुसरा!

१०. आता गोल केलेल्या खुणा वेगळ्या वाचा. अडचणीच्या वेळी कोण गुण आणतो, ते इथेच दिसतं.

११. शून्य केव्हाचं, तेही बघा. दोन गुणांची आघाडी आणि शेवटचं मिनिट असताना ३० सेकंद खेळवून सुखरूप परतला, तर त्याचं काम झालं. त्या शून्यावर नाक मुरडू नका.

१२. आणखी दोन-तीन सामने असंच मांडा. तोवर कर्णधाराला वही दाखवू नका, उगाच भांडण लागेल.