टाकलेल्या स्त्रीचे मन

वसईपासून विरारपर्यंत आपल्या गावांत अशी एखादी भगिनी आढळतेच की, जिचा पती दुसरीकडे गुंतला आहे, किंवा तिला माहेरी पोचवून पुन्हा फिरकला नाही. लोक तिला म्हणतात, “सोस, बाई.” परंतु तिच्या मनात काय चालले आहे, हे कोणी विचारीत नाही. तोच आजचा पाठ होय.

१. एक उदाहरण. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्या वेळी जवळ नव्हत्या. पतीचा हेतू शुद्ध होता, त्यात परस्त्रीचा संबंध नव्हता. तथापि मागे राहिलेल्या पत्नीचे दुःख तेवढ्याने हलके झाले नाही. पदरी लहान मूल, नातलगांचा आश्रय व लोकांची बोलणी यांनी त्यांचे शरीर व मन दोन्ही खचली. त्याच दुःखात त्यांना कविता सुचू लागली. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या; परंतु लागलीच धर्म बदलला नाही, स्वतः विचार करून मग बदलला. ही हकीकत त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात निर्भीडपणे लिहिली आहे; त्याचा पहिला भाग १९३४ साली निघाला.

२. दुःखाची लक्षणे. झोप उडते, अन्न गोड लागत नाही, एकच विचार रात्रंदिवस फिरतो, आणि “माझ्यातच काही उणे असेल” असे वाटू लागते. हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर तो आजार असू शकतो. त्याला वैद्य पाहिजे. “जगून काय करू” असे ती बोलली, तर तिला एकटी ठेवू नये. १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेलि-मानस सेवा विनामूल्य सल्ला देते.

३. तिचा हक्क. १८६९ च्या घटस्फोट कायद्यान्वये ख्रिस्ती पत्नीस पतीचा केवळ व्यभिचार दाखवून सुटका मिळत नसे. त्यासोबत क्रौर्य किंवा परित्याग असे आणखी कारण लागे. २००१ साली हा भेद काढून टाकण्यात आला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मानसिक छळही छळ मानतो व तिला राहत्या घरात राहण्याचा हक्क देतो.

४. आपले कर्तव्य. उपदेशक बंधूंनो, प्रथम ऐका, मग बोला. तिचे गाऱ्हाणे चावडीवर नेऊ नका. समेटाची घाई करू नका. लक्ष्मीबाई परतल्या, म्हणून प्रत्येकीने परतावे असे नाही; जेथे मारहाण आहे तेथे तिला परत धाडणे हा समेट नव्हे. भगिनींनो, तिला सणावारी, लग्नकार्यात बोलवा. पतीने टाकले हा एक घाव. शेजाराने टाकले तर तो दुसरा, आणि तो आपल्या हातचा.

प्रश्न : (१) आपल्या गावात अशी भगिनी कोण आहे? (२) गेल्या महिन्यात तिच्या दारी कोण गेले होते?