डोक्यातला फुगा आणि प्लॅटिनमची तार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळच्या वेळी पन्नाशीचे एक किराणा दुकानदार डोके धरून दवाखान्यात आले. "डॉक्टर, पोतं उचलताना डोक्यात काहीतरी फाडकन फुटल्यासारखं झालं," म्हणाले. एक उलटीही झाली होती. उन्हाळ्याचे दिवस. मी पित्त समजून इंजेक्शन दिले आणि घरी पाठवले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बेशुद्ध पडले. जिल्ह्याच्या ठिकाणी स्कॅनमध्ये मेंदूभोवती रक्त पसरलेले दिसले. संध्याकाळी ते गेले. त्यांचे ते वाक्य मी आजही विसरलेलो नाही.

वाचकहो, सायकलची ट्यूब एखाद्या जागी विरली की तिथे फुगा येतो, हे आपण पाहिले असेल. मेंदूच्या धमनीचेही तसेच होते. जिथे धमनीला फाटा फुटतो, तिथली भिंत कमकुवत झाली तर रक्ताच्या दाबाने तिथे फुगा तयार होतो. याला अॅन्युरिझम म्हणतात. अनेकांना तो असतो आणि जन्मभर त्रास देत नाही. परंतु तो फुटला, तर जिवावर बेतते. उच्च रक्तदाब आणि विडी-सिगारेट ही त्याची दोन मोठी कारणे आपल्या हातातली आहेत.

फुगा फुटल्याची खूण कोणती? एका क्षणात, वीज पडावी तशी सुरू झालेली, आयुष्यात कधी झाली नव्हती अशी डोकेदुखी. सोबत उलटी, मान आखडणे, एक पापणी खाली पडणे किंवा शुद्ध हरपणे. काही वेळाने बरे वाटले तरी फसू नका. एकदा फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असतो.

गेल्या वर्षी एक शिक्षिका बाई नेमके तेच वाक्य बोलल्या. या वेळी मी त्यांना तासाभरात गाडीत घालून शहरात पाठवले. स्कॅनमध्ये रक्त दिसले, अँजिओग्राफीत फुगा सापडला. त्यांच्या मुलाने फोनवर घाबरून विचारले, "डॉक्टरकाका, आईचं डोकं उघडणार का हो?"

पूर्वी कवटी उघडून फुग्याच्या मानेला चिमटा लावणे हाच खात्रीचा मार्ग होता. गुग्लिएल्मी या इटालियन डॉक्टरांनी अमेरिकेत लॉस एंजलिस येथे दुसरी वाट शोधली आणि १९९० मध्ये ती प्रथम रुग्णावर वापरली. हृदयाच्या अँजिओप्लास्टीप्रमाणे जांघेतल्या धमनीतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेतात. तिच्यातून केसासारखी प्लॅटिनमची मऊ तार फुग्यात सोडतात. आत गेल्यावर ती लोकरीच्या गुंड्यासारखी गुंडाळते. मग विजेचा अगदी सौम्य प्रवाह देऊन ती मागच्या तारेपासून सुटी करतात. अशा काही तारा भरल्या की आतले रक्त गोठते आणि फुगा आतून बंद होतो.

मुख्यतः ब्रिटन व युरोपातल्या रुग्णालयांत २१४३ रुग्णांवर झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. हे सर्व फुटलेल्या फुग्याचे, दोन्ही उपाय शक्य असलेले रुग्ण होते. वर्षभरानंतर मृत्यू पावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण चिमट्याच्या गटात शंभरात सुमारे ३१ होते, तर तारेच्या गटात सुमारे २४.

म्हणून तार सर्वांनाच चालते असे नाही. फुग्याची मान रुंद असेल किंवा मेंदूत रक्ताची मोठी गाठ झाली असेल, तर शस्त्रक्रियाच योग्य ठरू शकते. तार काही काळाने दबून फुगा पुन्हा भरू शकतो, म्हणून नंतरच्या तपासण्या चुकवू नयेत. आणि न फुटलेला प्रत्येक फुगा बंद करावाच लागतो असेही नाही. निर्णय तज्ज्ञांवर सोडावा.

माझी विनंती एवढीच. प्रत्येक डोकेदुखीला घाबरू नका. पण ती एका क्षणात, फुटल्यासारखी आली, तर बाम चोळत किंवा अॅस्पिरिन घेऊन झोपू नका. १०८ ला फोन करा आणि स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात जा. स्कॅन निर्दोष आला तरी डॉक्टर पाठीतले पाणी तपासू म्हणाले, तर नाही म्हणू नका. दवाखान्यात "डोकं दुखतंय" एवढेच सांगू नका. कधी आणि कसे सुरू झाले तेही सांगा.

त्या बाई आता पुन्हा वर्गावर जातात. किराणा दुकानावरून जाताना मात्र माझी मान आजही खाली जाते.