जर्मनीला निघालेल्या पोरांसाठी

बॅगेत काय भरायचं ते घरचे सांगतीलच, त्यात मी पडत नाही. फक्त एक करा. पेढे, बर्फी आणि आईने प्रेमाने भरून दिलेली तुपाची बरणी बाहेर काढून ठेवा. बाहेरून युरोपीय संघात येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, आणि आजीच्या हातचं तूप विमानतळावरच्या कचऱ्यात गेलेलं बघवत नाही. बाकरवडी चालते. हिंग न्यायचाच असेल तर डबीत डबी घालून न्या, नाहीतर तुमच्याआधी तुमचा वास फ्रायबुर्गला पोचेल.

आता मुद्द्याचं. तुम्ही चार आठवडे फ्रायबुर्गच्या भाषाशाळेत शिकणार आणि एका जर्मन घरात राहणार. तिथे दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न कानावर पडेल: तुमच्याकडे कसं असतं? वर्गात शिक्षिका विचारतील, मधल्या सुट्टीत ब्राझीलचा मुलगा विचारेल, रात्री यजमानीणबाई विचारतील. बी-वन पातळीच्या जर्मन परीक्षेत तर तो छापूनच येतो. तोंडी परीक्षेच्या दुसऱ्या भागात दिलेल्या विषयावर पाच स्लाइडच्या आधाराने बोलायचं असतं. त्यातली एक स्लाइड स्वतःच्या अनुभवाची असते आणि एक आपल्या देशातल्या परिस्थितीची. मुलांची तयारी करून घेताना मी वर्षानुवर्षं बघत आले आहे, पोरं अडतात ती इथेच. क्रियापदं पाठ असतात, विभक्त्या बरोबर लागतात. पण घरात गॅसचं सिलिंडर किती दिवस पुरतं, वाणसामान महिन्याचं येतं की आठवड्याचं, सोसायटीचा जिना कोण झाडतं, यातलं काही माहीत नसतं. मग "भारतात सगळे लोक..." अशी सुरुवात होते आणि पुढे येतं ते सगळं ऐकीव.

म्हणून जायच्या आधी आठ दिवस आपल्याच घरात डोळे उघडे ठेवून वावरा. आईला विचारा, कामाच्या मावशींना विचारा, दूधवाल्याला विचारा. तिथे गेल्यावर "भारतात" या शब्दाने वाक्य सुरू करायचं नाही. "कोथरूडला आमच्या सोसायटीत" म्हणा, "कऱ्हाडला आजीकडे" म्हणा. ऐकणाऱ्याला चित्र दिसतं आणि तुमच्यावर थापा मारायची वेळ येत नाही. तुलना जरूर करा, पण घराची घराशी आणि बाजाराची बाजाराशी. यजमानीणबाईंचं चकचकीत स्वयंपाकघर एका बाजूला आणि आपली मंडई दुसऱ्या बाजूला, असा हिशोब मांडू नका. मंडईची तुलना करायची तर फ्रायबुर्गच्या मोठ्या चर्चभोवती रविवार सोडून रोज सकाळी भरणाऱ्या बाजाराशी करा. तिथे घासाघीस चालत नाही, पण भाजीवाली ओळखीची झाली की तिच्याकडे गप्पा सुरू होतात. चार आठवड्यांत तुमचं जर्मन तिच्यापाशी जेवढं सुधारेल तेवढं वर्गातही सुधारणार नाही.

कचऱ्याचं जरा सविस्तर सांगते, कारण पहिला खटका तिथेच उडतो. घरात चार-पाच ठिकाणी कचरा वेगळा टाकायचा असतो: कागद, ओला कचरा, प्लास्टिक-पत्र्याची वेष्टणं, उरलेलं सगळं. काच घरात ठेवायची नाही. ती रस्त्यावरच्या टाक्यांत नेऊन टाकायची, तीही पांढरी, हिरवी, तपकिरी अशी वेगवेगळी, आणि रविवारी किंवा रात्री नाही, कारण फुटणाऱ्या बाटल्यांचा आवाज शेजाऱ्यांना नको असतो. पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटल्यांवर आणि डब्यांवर 25 सेंट अनामत असते. ही सक्ती 2003 पासूनची आहे. रिकामी बाटली चेपायची नाही. दुकानातल्या यंत्रात घातली की पावती मिळते आणि तेवढे पैसे बिलातून वजा होतात. हे सगळं बघून पोरं भारावून जातात आणि वर्गात सांगून टाकतात, "आमच्याकडे असं काही नसतं." अरे, नसतं कसं? पुण्यात 2008 पासून 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार ओला-सुका कचरा गोळा करते. त्याआधीपासून, 1993 पासून, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या लोकांची संघटना म्हणून उभी आहे. रद्दीवाला, भंगारवाला तर तुमच्या पणजोबांच्या काळातले. फरक असलाच तर तो असा की तिथे वेगळं करायचं काम घरमालक स्वतः करतो आणि आपल्याकडे बऱ्याच घरांत ते दुसऱ्या कोणाच्या तरी हातांवर सोडलेलं असतं. हे जर्मनमध्ये सांगता आलं तर बी-वन झालंच म्हणा.

न्हाणीघराचं कोणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. बऱ्याच जर्मन घरांत न्हाणीघराच्या जमिनीला उतार नसतो आणि पाणी जायला मोरीही नसते. पाणी फक्त टबात किंवा शॉवरखालच्या जागेत पडलं पाहिजे. बादली-तांब्याची आंघोळ विसरा. पडदा टबाच्या आत सोडा, काच असेल तर नीट लावा, नंतर रबरी पट्टीने पुसून घ्या, जाळीतले केस उचला. जमीन ओली झाली तर लगेच पुसा, नाहीतर खालच्या मजल्यावरच्या छताला डाग पडतो आणि प्रकरण विमा कंपनीपर्यंत जातं. संडासात जेट नसतो. एक छोटी बाटली जवळ ठेवा, कोणी विचारायला येत नाही. आंघोळ झाली की खिडकी पाच-दहा मिनिटं सताड उघडायची, थंडीतसुद्धा, आणि तेवढा वेळ हीटर बंद ठेवायचा. पोरांना हा वेडेपणा वाटतो. पण तिथली घरं थंडीसाठी हवाबंद बांधलेली असतात. वाफ बाहेर गेली नाही तर भिंतींना बुरशी धरते, आणि बुरशीवरून घरमालक-भाडेकरू कोर्टात जातात. आपल्याकडे खिडक्या दिवसभर उघड्याच असतात, म्हणून हा नियम कोणाला शिकवावा लागला नाही. तिथला कुठलाही नियम विचित्र वाटला तर आधी कारण विचारा. बहुतेक वेळा ते हवेत, भाड्यात किंवा कायद्यात सापडतं.

रविवारचंच घ्या. दुकानं बंद. सगळी. स्टेशनवरची, पेट्रोल पंपावरची आणि सकाळी थोडा वेळ बेकरी, एवढंच काय ते उघडं. ड्रिल चालवायचं नाही, गवत कापायचं यंत्र लावायचं नाही. हा कोणाचा हट्ट नव्हे. रविवारची विश्रांती 1919 च्या वायमार राज्यघटनेच्या 139 व्या कलमात होती आणि आजच्या राज्यघटनेच्या 140 व्या कलमाने ती जशीच्या तशी पुढे चालू ठेवली. दुपारी एक ते चार दुकान बंद म्हणून नाव काढलेल्या गावच्या पोरांनी तरी याचं नवल करू नये. शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध, ब्रेड, फळं आणून ठेवा. पिशवी आपली न्या आणि गल्ल्यावर हात चटचट चालवा, सामान भरून द्यायला कोणी नसतं.

जेवणाच्या टेबलावर मराठी पोरं उपाशी राहतात, आणि दोष स्वयंपाकाचा नसतो. यजमानीणबाई विचारतात, अजून घेणार? आपण सवयीने म्हणतो, नको, पोट भरलं. आपल्याकडे तिसऱ्या आग्रहाला पोळी पानात पडते. तिथे पहिल्या नकाराला भांडं उचललं जातं. भूक असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा. नको असेल तर नको म्हणा, कोणी रुसत नाही. पुष्कळ घरांत रात्री गरम जेवण नसतं. ब्रेड, चीज, काकडी, टोमॅटो, लोणच्यासारखी मुरवलेली छोटी काकडी, झालं. कारण गरम जेवण दुपारी होऊन गेलेलं असतं. पहिले दोन दिवस वरणभात डोळ्यांपुढे येईल, नंतर तो ब्रेड आवडायला लागेल. ब्रेडच्या बाबतीत त्यांचा हात कोणी धरणार नाही, हे माझं ठाम मत. शाकाहारी असाल तर पहिल्याच दिवशी सांगा आणि नीट सांगा: मासेही नाहीत, मसुराच्या सूपमधले मांसाचे तुकडेही नाहीत, जिलेटीनही नाही. चघळायच्या रंगीत गोळ्यांत बहुधा जिलेटीन असतं. एकदा तुम्हीही स्वयंपाक करा, पण आधी विचारून. फोडणी बेताची द्या, छताला धुराचा अलार्म असतो. वरण, भात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर पुरे. बारा पदार्थांचं ताट मांडून दमून बसू नका.

भेट द्याल ती समोरच उघडली जाते. ते उतावळेपण नव्हे, न उघडणं तिथे थंडपणाचं वाटतं. तुम्हालाही काही दिलं तर तिथेच उघडा आणि दोन चांगले शब्द बोला. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशी चुकूनही देऊ नका, अपशकुन मानतात. यजमानीणबाईंना अहो-जाहोच करा, त्यांनी स्वतःहून एकेरीवर यायला सांगेपर्यंत. हे आपल्या पोरांना शिकवावं लागत नाही. अमेरिकन मुलं मात्र तिथे धडपडतात.

वेळेचं एक नीट ध्यानात ठेवा. जर्मन माणूस "अर्धा आठ" म्हणतो तेव्हा साडेसात वाजलेले असतात. साडेआठला उगवलात तर जेवण संपलेलं असेल.

पैशाचं. दर वस्तूला शंभरने गुणायची खोड पहिल्या दिवशीच मोडा. तीन-साडेतीन युरोंची कॉफी तुम्हाला साडेतीनशे रुपयांची दिसते आणि घशाखाली उतरत नाही. त्यापेक्षा असं बघा: तिथलं किमान वेतन 2026 पासून तासाला 13 युरो 90 सेंट आहे, म्हणजे कॉफी पंधरा मिनिटांच्या कामाची. आता आपल्या हॉटेलातला वेटर पंधरा मिनिटांत काय मिळवतो आणि त्यात काय येतं, ते काढा. ही तुलना वर्गात मांडा, शिक्षिका तास संपेपर्यंत दुसरा विषय घेणार नाहीत. प्रवासाला डॉइचलांड-टिकीट घ्या. मे 2023 मध्ये ते 49 युरोंना सुरू झालं, आता 63 ला आहे, आणि देशभरच्या बस, ट्राम, लोकल गाड्यांत चालतं. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. ते दरमहा आपोआप पुढे चालू राहतं, म्हणून शेवटच्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द करा, नाहीतर तुम्ही पुण्यात आणि पैसे तिकडे कापले जातायत. ट्राममध्ये चढताना कोणी तिकीट बघत नाही. साध्या कपड्यातला तपासनीस मधेच उभा राहतो आणि 60 युरो दंड घेतो. आणि हो, फ्रायबुर्गच्या जुन्या गावात रस्त्याच्या कडेने पाण्याचे उघडे छोटे पाट वाहतात. चुकून पाय पडला तर फ्रायबुर्गच्याच माणसाशी लग्न होतं असं म्हणतात. आईला आधी कळवून ठेवा.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. आपल्याकडे फुटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र विकायला असतं आणि कोणाला काही वाटत नाही. तिथे तो विनोदाचा विषय नाही, शिस्तीच्या कौतुकाचा तर मुळीच नाही. हात उंचावून तशी सलामी करणं, नाझी चिन्हं मिरवणं हा दंड संहितेच्या 86-अ कलमाखाली गुन्हा आहे. आपलं स्वस्तिक पूजेतलं आहे, फार जुनं आहे, हे खरं. तरी स्वस्तिक असलेलं लॉकेट, टी-शर्ट, शुभेच्छापत्र नेऊ नका. कोणी विचारलं तर शांतपणे समजावून सांगा. वाद घालू नका, समोरच्याच्या घरात काय घडून गेलं आहे ते तुम्हाला ठाऊक नसतं. तुम्हालाही जातीबद्दल, हुंड्याबद्दल, रात्री फिरणाऱ्या मुलींबद्दल विचारतील. चिडू नका आणि घराची लक्तरंही वेशीवर टांगू नका. जेवढं स्वतः पाहिलंय तेवढं सांगा.

औषधं इथून न्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. तिथे क्रोसिनसारखी साधी गोळीसुद्धा औषधाच्या दुकानाबाहेर मिळत नाही, अँटिबायोटिक तर चिठ्ठीशिवाय नाहीच. स्पेशालिस्टची वेळ मिळायला आठवडे लागतात. या बाबतीत आपला गल्लीतला डॉक्टर पुढे आहे, आणि तसं सांगायला लाजू नका. तातडीच्या मदतीला 112, पोलिसांना 110, रात्री-बेरात्री साध्या दुखण्याला 116117.

चार मराठी पोरं एकत्र सापडली की कोंडाळं करतात. रविवारी करा, बाकी सहा दिवस नको. घरी रोज तासभर व्हिडिओ कॉलही नको. उन्हाळ्यात आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे असतं, तिथल्या संध्याकाळी इथे आई जागत बसते. आणि परत आल्यावर पहिला महिना तरी "जर्मनीत असं नसतं" हे वाक्य घरात काढू नका. कचऱ्याची बादली उचलून खाली न्या, ते चालेल.

यजमानीणबाईंना नाताळला कार्ड पाठवा. व्हॉट्सॲपवरचं नव्हे, कागदाचं, हाताने लिहिलेल्या चार जर्मन ओळींचं. नुसती सही नको. पत्त्यात आधी रस्त्याचं नाव, मग घर क्रमांक, खालच्या ओळीत पिनकोड आणि गाव. नोव्हेंबर संपायच्या आत पोस्टात टाका, म्हणजे वेळेत पोचेल.